मेंढवाड्यात चौथं कोण?

१

"नाना, हक्कसोडपत्र लिहा. मला त्या घरातून काढून टाका. आजच्या आज."

बद्रीनाथ अर्जनविसाने लगेच मान वर केली नाही. भोकरदनच्या तहसिलीसमोर लिंबाखाली टेबल मांडून त्याला अडतीस वर्षं झाली होती. आजच्या आज कागद मागणारी माणसं त्याने इतकी पाहिली होती की कोणी तसं म्हटलं की त्याला आधी जांभई यायची. समोर एक म्हातारी निराधार योजनेचा अर्ज भरायला बसली होती. नवऱ्याच्या नावाच्या रकान्याशी तिची गाडी अडली, तशी सुनेने पुढे होऊन नाव सांगितलं. बद्रीनाथने रकाना भरला, म्हातारीचा अंगठा घेतला, तिला वाटेला लावलं आणि मग वर पाहिलं.

समोर परमेश्वर उभा होता. पिंपळगाव रेणुकाईच्या रामप्रसादचा थोरला. वय चव्वेचाळीस, उन्हाने रापलेला, अबोल गडी. रामप्रसादला जाऊन सहा वर्षं झाली होती; हयात असेपर्यंत तो दर बाजाराला या टेबलाशी चहा प्यायला येत असे. त्याचा हा पोरगा कधी कोणाशी तंडला असेल, असं बद्रीनाथच्या ऐकिवात नव्हतं.

"बस," बद्रीनाथ म्हणाला. "झुंबरबाईचा दहावा हाय ना उद्या? आन तू आज वाटणीचे कागद करून राह्यला?"

"दहाव्याला मी येणार न्हाई. त्या घराचा मी कोणीच न्हाई. हे वाचा."

परमेश्वरने फोन पुढे केला. फोनवर त्यांच्या घरचा ब्लॉग उघडा होता, 'आमचा मेंढवाडा' नावाचा. या घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे गेल्या होत्या. रामप्रसादने कळप विकून शेती धरली. ते जुने दिवस विसरायच्या आत लिहून ठेवावेत, म्हणून धाकट्या कल्याणच्या पोरीने, आकांक्षाने, इंटरनेटवर ही वही उघडली होती. लिहिणारे तिघं: परमेश्वर, कल्याण आणि आकांक्षा. खातं मात्र एकच, आणि मजकुराखाली कोणाचंच नाव नाही. घराचं लिहिणं आहे, त्यात माझं-तुझं कशाला, असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. चांगल्या मनाने ठरवलेल्या गोष्टीच पुढे तहसिलीपर्यंत येतात, हे बद्रीनाथला अनुभवाने ठाऊक होतं.

काल पहाटेचा मजकूर असा होता:

"मेंढरं पहिल्यांदा गोदाकाठाला उतरली त्या साली मला सातवा सरून आठवा लागल्ता घरचे म्हणले घरी ऱ्हा पर म्या न्हाई राह्यले निघताना रेणुकामायच्या देवळात समद्यायला शेरणी वाटली तिकडं सीताफळाच्या जोडीचं झाड हुतं त्याच्याखाली आमचं पाल तिथं बाळ झालं ते रडलंच न्हाई घरच्यांनी त्याच झाडाखाली पुरलं म्या कोणाला बोलले न्हाई चौथ्या दिशी म्या परमेश्वरला वटीत घेतलं परमेश्वर माझ्या पोटचा न्हाई"

बद्रीनाथने चष्मा काढून पुसला. त्याची काही गरज नव्हती.

"काल सकाळी बांधावर चहा पीत होतो," परमेश्वर म्हणाला. "रोज पहिल्यांदा मीच वाचतो. दुपारपर्यंत सगळ्या पाहुण्यांचे फोन आले."

"कोणी टाकलं हे?"

"दुसरं कोण? कल्याणनं. दिवाळीत वाटणी काढली होती त्यानं. कुठून तरी त्याला कळलं आन आईच्या तोंडी घालून टाकलं. सरळ म्हणला असता, दादा निघ, तर मी निघालो असतो. असं गावभर कशाला करायचं?"

"आन हे खोटं असंल तर?"

परमेश्वर लिंबाच्या खोडाकडे पाहत राहिला.

"मी आईला इचारलं नाना. हे खरं हाय का, एवढंच इचारलं. आई म्हणली, खरं हाय. आन भिंतीकडं तोंड करून झोपली."

२

खरं तर कागद लिहून देणं सोपं होतं. तासाभराचं काम. बद्रीनाथने असाच एक कागद अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या सख्ख्या भावासाठी लिहिला होता. त्यावर दोघांनी सह्या केल्या, आणि तेव्हापासून भाऊ जाफराबादला आणि हा भोकरदनला, बोलणं बंद. त्या कागदात एक काना-मात्रा चुकलेली नव्हती. म्हणूनच की काय, आज त्याचा हात पेनाकडे जाईना.

"ज्याच्या नावे सोडायचं त्याला बी इचारावं लागतं," त्याने अर्धीमुर्धी थाप मारली. "चल, घरी जाऊ. गाडी हळू चालव, माझे गुडघे गेलेत."

पिंपळगावला शेतातल्या घरासमोर मांडव नव्हता, पण सुतक दिसत होतं. ओसरीवर चार-दोन माणसं गप्प बसली होती. झुंबरबाई म्हणजे रामप्रसादची बहीण. विशीच्या आत विधवा होऊन भावाच्या घरी आली आणि जन्मभर इथेच राबली. नऊ दिवसांपूर्वी ती गेली. परमेश्वर सोयाबीन घेऊन जालन्याच्या मोंढ्यात गेला होता, गाडी रांगेत अडकली होती, आणि तो घरी पोचेपर्यंत कल्याणने अग्नी देऊन टाकला होता.

कल्याण नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात कामाला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बद्रीनाथला पाहताच तो उसळला.

"वाटणीचं बोललो होतो, बराबर हाय. ऑफिसवाले कर्जाला कागद मागून राह्यले म्हणून बोललो. पण दादाला घराबाहेर काढायला? नाना, मला सायकल दादानं शिकवली. माझी फी दादानं भरली, स्वतःची शाळा सोडून. मी हे लिहीन?"

"मंग कोण लिहील?"

"मला काय माहीत? पासवर्ड तिघांकडं. दादा स्वतःबद्दल असं लिहिणार न्हाई. मी न्हाई लिहिलं." पुढचं बोलायला त्याची जीभ रेटेना. तिसरी त्याचीच पोरगी होती.

आकांक्षा मागच्या दारी भांडी घासत होती. एकोणीस वर्षांची, जालन्याच्या कॉलेजात. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"पप्पा मला बोलत नाहीत कालपासून. त्यांना वाटतं, मी आजीकडून ऐकलं आणि टाकलं."

"आजी तुला गोष्टी सांगते ना?"

"आम्हा तिघांनाही सांगते. ज्याला वेळ असेल तो लिहून काढतो. मी कधी कधी फोन तिच्यापुढं धरते, ती बोलते, आणि मग मी ते सगळं नीट करून लिहिते. पण हे ती मला कधीच नाही बोलली, आजोबा. शप्पथ."

"आतापर्यंतचं सगळं लिहिलेलं कागदावर हाय का?"

तिने आतून एक जाड वही आणली. त्रेसष्ट मजकूर, आजीच्या वाढदिवसासाठी छापून बांधून घेतलेले. आजीला वाचता येत नव्हतं, पण तिला ती वही उशाशी ठेवायला आवडायची.

दोघा भावांची आई, साखराबाई, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. सत्तरीची बाई, पण दोन दिवसांत खंगल्यासारखी दिसत होती. बद्रीनाथने हाक मारली तशी ती उठून बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"वहिनी, हे सगळं काय झालं?"

"जे खरं हुतं ते झालं."

"पोरं भांडून राह्यलीत."

"भांडू द्या. भांडतेत आन एक व्हतेत." तिचा आवाज एकदम कडवट झाला. "पर त्याला तिच्या दहाव्याला यायचं न्हाई, हे मला सोसंना भाऊजी. येवढं समदं कळून बी त्याला यायचं न्हाई."

बद्रीनाथला हे बोलणं विचित्र वाटलं. पोटचा नाही असं कळल्यावर माणूस आत्याच्या दहाव्याला येत नाही, यात न समजण्यासारखं काय होतं? तो आणखी काही विचारणार, तोच साखराबाईने विषय संपवला. उशाचा फोन उचलला, पडद्यावर अंगठा दाबला आणि म्हणाली, "रेणुकामातेची आरती लाव." फोनवर आरती लागली. ती पुन्हा भिंतीकडे वळली.

"फोन नवा दिसतो," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"माझा जुना आहे," कल्याण म्हणाला. "दसऱ्याला दिला. गाणी ऐकते दिवसभर."

३

बद्रीनाथने ओसरीवर घोंगडी अंथरायला लावली, वहीची बांधणी सोडवली आणि त्रेसष्ट मजकूर समोर पसरले. संध्याकाळपर्यंत मला कोणी काही विचारायचं नाही, असं सांगून टाकलं. मग फोनवरचा चौसष्टावा मजकूर त्याने स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून काढला. नक्कल केल्याशिवाय त्याला मजकूर कळत नसे. ती अडतीस वर्षांची खोड होती.

दुसऱ्याची कैफियत लिहिण्यात जन्म गेला की माणसाला एक गोष्ट कळते. कोण काय सांगतो त्यापेक्षा, सांगताना तो आधी कुठे पाहतो ते ओळखता येतं. शेतकरी आधी आभाळाकडे पाहतो. नोकरीवाला तारखेकडे.

पहिले दहा-बारा कागद वाचून त्याने तीन ढीग सुरू केले. एका ढिगातला प्रत्येक मजकूर हवेपासून सुरू होत होता: आभाळ कसं होतं, रानात काय उभं होतं, बैल कोणते होते. माणसं त्यात फार उशिरा यायची आणि आली तरी गप्प असायची. दुसऱ्या ढिगात तारीख, वार, हजर माणसांची संख्या. कोणाच्या लग्नाला गेलो, किती वाजता पोचलो, किती वाजता निघालो. तिसऱ्यात सगळं खाणंपिणं: कोणी कण्या कशा रांधल्या, ताकाला फोडणी कशाची, आणि शेवटी वाचणाऱ्याला एखादा प्रश्न, तुमच्याकडे असं करतात का?

चार वाजता त्याने तिघांना बोलावलं. "हा ढीग परमेश्वरचा. हा कल्याणचा. हा पोरीचा. चुकलं असंल तर सांगा."

तिघांनी आपापले कागद चाळले. कल्याणने एकच कागद उचलला. "हा माझा नाही."

"त्यात तारीख हाय."

"आकांक्षानं लिहिला तो. तारीख मी नंतर टाकली."

बद्रीनाथने तो कागद मुकाट्याने तिसऱ्या ढिगात टाकला. त्रेसष्टात एक चुकला. तेवढं म्हातारपणाला चालायचं.

"आता यात अकरा मजकूर असे हायेत की ते साखरावहिनींच्या तोंडचे म्हणून लिहिलेत. 'मी लहान असताना', 'मी लग्न होऊन आले तेव्हा', असे. पण ते बी मी याच तीन ढिगांत घातले, आन तुम्ही कोणी हरकत घेतली न्हाई. वहिनी बोलल्या, पण लिहिणाऱ्यानं आपलंच घातलं. कल्याणनं आईच्या लग्नाची तारीख टाकली. आईला ती माहीत बी नसंल. परमेश्वरनं आभाळ टाकलं. पोरीनं जेवण टाकलं. खरं का?"

आकांक्षाने खाली पाहिलं.

"आता हा चौसष्टावा." त्याने नक्कल केलेला कागद पुढे ठेवला. "यात आभाळ न्हाई. तारीख न्हाई. पालातलं जेवण न्हाई. सालाचं नाव काय, तर मेंढरं गोदाकाठाला उतरली ते साल. मी दुपारपासून हा कागद तिन्ही ढिगांवर ठेवून पाह्यला. एकातही बसत न्हाई. परमेश्वर, तुझ्या भावानं हे लिहिलेलं न्हाई. कल्याण, तुझ्या पोरीनं बी न्हाई."

"पण नाना, पासवर्ड तर तिघांकडंच आहे," कल्याण म्हणाला.

"तेच तर. तुमच्या मेंढवाड्यात चौथं माणूस शिरलंय, आन तुम्हाला तिघांना त्याचा पत्ता न्हाई."

४

चौथं माणूस म्हटल्यावर परमेश्वरच्या चेहऱ्यावरची आठी थोडी सैल झाली. भावाने हे केलं नाही, एवढ्यानेच त्याच्या अंगातलं अर्धं विष उतरलं होतं. पण तो ओसरीच्या कडेलाच उभा राहिला, आत आला नाही.

"आत चला," बद्रीनाथ गुडघ्यावर हात टेकून उठला. "उरलेलं वहिनींच्या समोर बोलू."

साखराबाई उठून बसली. एवढी माणसं आत आलेली पाहून तिने पदर आणखी पुढे ओढला. बद्रीनाथ खाली न बसता पेटीवर बसला. खाली बसला असता तर उठवायला दोघं लागले असते.

"नक्कल करताना मला एक झाड अडलं," तो म्हणाला. "'सीताफळाच्या जोडीचं झाड'. मी म्हणलं, हे कोणतं नवीन झाड? मंग वहीत पाह्यलं. कल्याणनं आईचं ऐकून गोदाकाठच्या पालाचा मजकूर लिहिलाय, त्यात तेच ठिकाण हाय. तिथं लिहिलंय, रामफळाचं झाड."

कल्याणने मान हलवली. "रामफळच होतं ते. आम्ही मोठे झाल्यावरही पाल तिथंच पडायचं."

"मंग हा लिहिणारा सरळ रामफळ का म्हणत न्हाई? आन हे पाहा, देवळात शेरणी वाटली म्हणतो. वहीत याच देवळाचं सहा वेळा आलंय, आन सहाही वेळा लिहिलंय प्रसाद वाटला. तुमच्या बापाचं नाव वहीतल्या त्या अकरा मजकुरांत पानोपानी हाय. या कागदात तो माणूस बोलतो, बाळ पुरतो, पण त्याला नाव न्हाई. घरचे, एवढंच. राम टाळला, प्रसाद टाळला, आन रामप्रसाद बी टाळला."

साखराबाई हातातल्या बांगड्या मागेपुढे करत होती.

"माझ्या टेबलाशी बाया येतात. नवऱ्याच्या नावाचा रकाना आला की सून सांगते, न्हाईतर शेजारीण सांगते. जुन्या बायांची तर नाव घ्यायची सोडा, त्या नावात येणारा शब्द बी तोंडातून काढायची रीत न्हाई. नवऱ्याचं नाव रामप्रसाद म्हणलं की बाई जन्मभर शेरणी म्हणते, आन रामफळाला जोड शोधते. आकांक्षा, आजी प्रसाद म्हणत न्हाई हे तुला माहीत होतं?"

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "मी... मी तर नीट करून लिहायचे."

"म्हणून तर. कोणी वहिनींची नक्कल करायला बसला असता, तर त्यानं या वहीवरून केली असती, आन प्रसाद लिहिला असता. तुम्ही तिघांनी अकरा वेळा तिचं म्हणणं उतरवून घेतलं, आन अकराही वेळा तिचं बोलणं गाळलं. या एकाच कागदात ते न गाळता आलंय. कारण मधी कोणीच न्हाई. हे वहिनींनी स्वतः लिहिलं."

"नाना, आईला सही येत न्हाई!" परमेश्वर दारातून म्हणाला.

"आरती लावता येते. पोरी, तू तिच्यापुढं फोन धरायची तेव्हा काय दाबायची?"

आकांक्षाने कपाळावर हात मारला. "ब्लॉगचं मेंढीचं चित्र. मग अधिकची खूण, मग माईक. आजी बोलली की अक्षरं उमटायची. शेवटी बाण दाबला की... आणि पप्पांच्या जुन्या फोनवर आपलं खातं उघडंच राहिलेलं असणार!"

"येवढं पाहून पाहून मला येतं," साखराबाई शांतपणे म्हणाली. "त्यात काय मोठं? तो रोज सकाळी वाचतो. मला त्याच्या तोंडावर बोलवंना, म्हणून तिथं बोलले. समद्या पाहुण्यायला दिसंल हे मला काय ठावं?"

म्हणजे लिहिणारा सापडला होता. पण बद्रीनाथचं समाधान झालं नव्हतं. दुपारपासून त्याला एक गोष्ट टोचत होती. अर्ज म्हटला की शेवटी मागणी येते. कोणी दुःख सांगून उठून जात नाही. तरी मेहेरबानांनी अमुक करावं, हे आल्याशिवाय माणूस थांबत नाही. या कागदात सगळं होतं, मागणीच नव्हती.

"वहिनी, मी तुमचा मजकूर तुम्हाला वाचून दाखवतो," तो म्हणाला. "काही राह्यलं असंल तर सांगा."

त्याने सावकाश वाचलं. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. "...परमेश्वर माझ्या पोटचा न्हाई," त्याने वाचलं, आणि कागद खाली ठेवला.

साखराबाई वाट पाहत राहिली.

"वाचा ना भाऊजी. पुढचं वाचा."

"पुढं काही न्हाई."

"आसं कसं?" तिने घाबरून कागदाकडे पाहिलं, मग बद्रीनाथकडे, मग दारात उभ्या असलेल्या परमेश्वरकडे. "म्या तं समदं सांगितलं. तिचं नाव सांगितलं!"

५

आकांक्षाच हळूच बोलली. "आजी, तू बोलता बोलता मध्ये थांबली होतीस का?"

"रडू आलं. लई येळ आलं. मंग डोळे पुसले आन पुढचं बोलले."

"थांबलं की माईक आपोआप बंद होतो, आजी. पुढचं त्यानं ऐकलंच नाही."

परमेश्वर आत आला. कोणाकडे न पाहता तो आईसमोर खाली बसला. ज्या प्रश्नासाठी काल त्याची हिंमत झाली नव्हती, तो त्याने आता विचारला.

"कोणाचा मी?"

साखराबाईने एवढंच म्हटलं, "झुंबरचा."

बाहेर ओसरीवर कोणीतरी खोकलं. कल्याणने जाऊन दार लोटून घेतलं.

मग तिने सगळं सांगितलं, फोनला सांगितलं होतं तसंच. विधवा नणंद, पोट लपवत मेंढरांमागे गोदाकाठाला आलेली. साखराबाईचं बाळ मेलेलं जन्मलं, आणि चौथ्या दिवशी त्याच पालात झुंबरबाईला मुलगा झाला. साखराबाई भरल्या पोटाने गावातून गेली होती, ती पोर घेऊन परत आली. गावाने तोंडभर पेढे खाल्ले. बाप कोण, हे झुंबरबाईने मरेपर्यंत सांगितलं नाही, आणि साखराबाईनेही विचारलं नाही.

"तिनं मला एकच आण घातली हुती. म्या जित्ती हाय तवर बोलायचं न्हाई. म्या न्हाई बोलले. ती गेली तवा तू मोंढ्यात. कल्याणनं अग्नी दिला. तिचं लेकरू असताना दुसऱ्यानं दिला, ते माझ्या जिवाला लागलं. म्हणलं, दहावा तरी त्याच्या हातून व्हावा. म्हणून आठव्या दिशी बोलले." तिने पदराने डोळे पुसले. "आन तू म्हणला, मी दहाव्याला येत न्हाई. मला वाटलं, ह्याला समदं कळलं आन आता ह्याला तिची लाज वाटून राह्यली."

"मला वाटलं तू मला काढून टाकलं," परमेश्वर म्हणाला.

दोन दिवस एकाच घरात दोघं एकमेकांवर रुसून भिंतीकडे पाहत बसले होते, आणि दोघांच्या मध्ये एक न ऐकलेला अर्धा मजकूर होता. बद्रीनाथला राग आला. कोणावर ते त्याला सांगता आलं नसतं. त्याने नक्कल केलेला कागद चुरगळून खिशात कोंबला.

कल्याण भावाजवळ उकिडवा बसला. "दादा, वाटणीचं नाव मी पुन्हा काढणार न्हाई."

"काढ की," परमेश्वर थकून म्हणाला. "वाटणी व्हतच असती. मला सांगून काढ, बस."

मग तो उठला, आणि आईला म्हणाला, "उद्या किती वाजता निघायचं?"

साखराबाईने मान हलवली. "निस्ता भाचा म्हणून ये. गाव काय बोलंल... तिची अब्रू म्या चव्वेचाळीस वर्षं झाकली, बाबा."

परमेश्वर दार उघडून बाहेर गेला. तो काय करणार, हे खोलीतल्या कोणालाच कळलं नाही. बद्रीनाथलाही नाही, आणि माणसं ओळखण्याचा त्याचा धंदा होता.

६

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ टेबल मांडायला गेला नाही. नदीवर गेला. पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. बायका वर बाभळीच्या सावलीत बसल्या होत्या; खाली गुरुजींनी मांडामांड केली होती आणि न्हावी वस्तरा धरून बसला होता. कल्याण भादरून घ्यायला पुढे झाला, तसा परमेश्वरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः न्हाव्यासमोर बसला.

गावातला एक म्हातारा म्हणाला, "आरं, तू कशाला? भाच्यानं भादरलंच पाह्यजे असं काही न्हाई."

"मी भाचा न्हाई," परमेश्वर म्हणाला. आवाज चढवला नाही, पण बाभळीखाली ऐकू गेलं. "माय हाय ती माझी."

बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. साखराबाईने पदर तोंडात धरला होता. ती रडत होती, पण भिंतीकडे वळायला आज भिंत नव्हती, आणि तिला ती हवी होती असंही दिसेना. न्हाव्याने काहीच ऐकलं नाही असं दाखवून वस्तरा चालवायला सुरुवात केली.

विधी उरकत आला तेव्हा परमेश्वर पाण्यात उभा होता, बद्रीनाथ काठावरच्या दगडावर. मुंडण केल्यावर परमेश्वर एकदम लहान दिसत होता.

"नाना," तो म्हणाला, "घरात आम्ही एवढी जणं. पण आत्याला तहान लागली की ती मलाच हाक मारायची. परम्या, पाणी दे. मी शेतातून दमून आलेला असलो तरी मलाच. माठ तिच्या हाताला लागून असायचा. मला राग यायचा. मागच्या महिन्यात मी म्हणलं बी, आत्या, तुझं तुला घेता येत न्हाई का?"

"मंग?"

"हसली. आन म्हणली, तुझ्या हातचं गार लागतं."

गुरुजींनी दर्भ दिला आणि सांगितलं, आता आईला पाणी द्या, तीन ओंजळी. परमेश्वरने वाकून ओंजळ भरली. एक दिली. दुसरी दिली. तिसरी दिली. मग पुन्हा वाकला आणि चौथी भरली, पाचवी भरली, आणि देतच राहिला. गुरुजींनी कल्याणकडे पाहिलं, पण त्याला कोणी थांबवलं नाही.